सन १९५६ : एका वर्षाचा जमाखर्च

(संस्थेच्या विद्यार्थी अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज कोणत्या विषयावर बोलावे याचा विचार चालला असताना अभ्यासिकेत बसणारा एक विद्यार्थी स्पर्धा परीक्षेचे पुस्तक घेऊन आमच्याकडे आला. पुस्तकात शेवटी सनावळी होती. १९५६ या सालापुढे सात-आठ ओळी छापल्या होत्या. राज्य पुनर्रचना, आयुर्विमा महामंडळ, अप्सरा अणुभट्टी, दुसरी पंचवार्षिक योजना, रेल्वेमंत्र्यांचा राजीनामा आणि सर्वांत खाली ‘डॉ. आंबेडकरांचा बौद्ध धर्मात प्रवेश’. त्याने विचारले, ‘सर, यातले नक्की काय पाठ करू?’ आम्ही म्हणालो, ‘सगळेच पाठ कर.’ तो समाधानाने गेला. आमचे मात्र समाधान झाले नाही. सनावळीत घटना एकाखाली एक शिस्तीत उभ्या असतात. प्रत्यक्ष वर्षात त्या अशा उभ्या नसतात. त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि माणसांच्या घरापर्यंत पोहोचतात. म्हणून आज आपण आपल्या देशाचे हे एकच वर्ष उघडून पाहू. त्या वर्षाने आपल्या खात्यावर काय जमा केले आणि आपल्या वडीलधाऱ्यांकडून काय खर्ची घातले, याचा हिशोब मांडू.

देशाचे वर्ष

१९५६ साल उजाडले तेच अशांततेत. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आदल्या वर्षी आला होता. मुंबई महाराष्ट्राला द्यायला दिल्ली तयार नव्हती. जानेवारी १९५६ मध्ये पंतप्रधान पंडित नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली आणि शहर पेटले. गोळीबार झाला, कामगार वस्त्यांतील माणसे रस्त्यावर पडली. संयुक्त महाराष्ट्राच्या या लढ्यात शंभराहून अधिक लोक हुतात्मा झाले. फेब्रुवारीत पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. या लढ्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनही उतरले होते आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाड समितीच्या आघाडीच्या नेत्यांत होते, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. भाषावार प्रांतरचनेवर बाबासाहेबांचे पुस्तक १९५५ च्या अखेरीसच प्रसिद्ध झालेले होते. मुंबईच्या प्रश्नावरून अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी केंद्रीय मंत्रिपद सोडले. अखेर १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ या सर्वांना एकत्र करून मोठे द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले व यशवंतराव चव्हाण त्याचे मुख्यमंत्री झाले. नागपूर त्या दिवशी मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले. म्हणजे ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर लोक जमले तेव्हा नागपूर अजून मध्य प्रदेशातच होते, हेही ध्यानात ठेवावे.

त्याच वर्षी विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण होऊन २४५ विमा कंपन्या व सोसायट्या एकत्र आल्या आणि १ सप्टेंबर रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. ४ ऑगस्टला तुर्भे येथे अप्सरा ही आशियातील पहिली अणुभट्टी सुरू झाली. सप्टेंबरात महबूबनगर येथे आणि नोव्हेंबरात अरियालूर येथे रेल्वेचे भीषण अपघात झाले. अपघाताची नैतिक जबाबदारी स्वीकारून लालबहादूर शास्त्री यांनी रेल्वेमंत्रिपदाचा राजीनामा दिला.

या यादीत एक ओळ बहुधा नसते, ती आम्हास येथे घालावीशी वाटते. १७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा अमलात आला. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी चार वर्षे झीज सोसली आणि ज्या प्रश्नावरून १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडले, त्या बिलाचेच हे तुकडे तुकड्यांनी मंजूर झालेले भाग होत. या कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वारस म्हणून हक्क दिला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळण्यासाठी मात्र २००५ ची दुरुस्ती यावी लागली. कायद्याच्या नावात ‘हिंदू’ असले तरी तो बौद्धांनाही लागू आहे, तसे कलम २ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. आपल्यातील कित्येक भगिनी आजही भावाच्या एका शब्दावर हक्कसोड पत्रावर सही करतात. त्यांना १९५६ ची ही तारीख कोणी सांगितलेलीच नसते.

अडीच हजारावी जयंती

आता धम्माकडे वळू. २४ मे १९५६ ची वैशाख पौर्णिमा ही तथागतांच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे पूर्ण झाल्याची पौर्णिमा म्हणून जगभर साजरी झाली. भारत सरकारनेही ती मोठ्या प्रमाणावर साजरी केली. त्यासाठी उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती होती. टपाल तिकिटे निघाली. पुण्याचे पाली पंडित प्रा. पु. वि. बापट यांनी संपादित केलेला बौद्ध धर्माच्या अडीच हजार वर्षांचा ग्रंथ सरकारने प्रसिद्ध केला. भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली पाली त्रिपिटक नागरी लिपीत छापण्याच्या कामाला त्याच वर्षी फळ येऊ लागले. वर्षाच्या अखेरीस दलाई लामा भारतात आले.

हा सारा समारंभ स्तुत्य होता. परंतु विचार करा, ज्या देशाने हा समारंभ केला त्या देशात बौद्ध होते तरी किती? १९५१ च्या जनगणनेत साऱ्या भारतात सुमारे १ लाख ८० हजार, आणि आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात जेमतेम अडीच हजार! अजिंठा, वेरूळ, कार्ले, कान्हेरी आपल्या महाराष्ट्रात, आणि तेथे वंदना म्हणणारी माणसे अडीच हजार. सरकारी समारंभाने बुद्धाचा गौरव झाला, पण बुद्धाचे घर रिकामेच होते.

त्या घरात माणसे आणण्याचे काम दुसरीकडे चालू होते. भारतीय बौद्ध महासभेची स्थापना बाबासाहेबांनी १९५५ च्या मे महिन्यातच केली होती. फेब्रुवारी १९५६ मध्ये ‘जनता’ पत्राचे नाव बदलून ‘प्रबुद्ध भारत’ झाले. मार्चमध्ये त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची प्रस्तावना लिहिली. डोळे अधू, पाय साथ देईनात, मधुमेहाने शरीर पोखरलेले, अशा अवस्थेत हे लेखन झाले. ग्रंथ छापून आला तो १९५७ मध्ये, तो पाहायला ते नव्हते. आणि २४ मे रोजी, ज्या दिवशी दिल्लीत सरकारी समारंभ होत होता त्याच दिवशी, मुंबईच्या नरे पार्कवर त्यांनी आपण ऑक्टोबरात धम्मदीक्षा घेणार असल्याचे जाहीर केले.

सप्टेंबरचा कायदा, ऑक्टोबरची दीक्षा

मित्रहो, आजच्या व्याख्यानातील मुख्य मुद्द्यावर आता येतो. सनावळीच्या पुस्तकात आम्हास कधीही न आढळलेली एक तारीख आहे, ती वहीत टिपून घ्या : २५ सप्टेंबर १९५६.

ती तारीख समजण्यासाठी सहा वर्षे मागे जावे लागेल. अनुसूचित जाती कोणत्या, हे ठरविणारा राष्ट्रपतींचा आदेश ऑगस्ट १९५० मध्ये निघाला. त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात अशी अट होती की, हिंदू धर्माव्यतिरिक्त अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. पंजाबकडील काही शीख जातींपुरता अपवाद होता. २५ सप्टेंबर १९५६ रोजी या आदेशात कायद्याने दुरुस्ती झाली आणि ‘हिंदू’ या शब्दाबरोबर ‘शीख’ हा शब्द आला. शीख बांधवांना न्याय मिळाला, त्याचा आपल्याला आनंदच आहे. परंतु ‘बौद्ध’ हा शब्द त्यात नव्हता. मे महिन्यातच दीक्षेची घोषणा झालेली होती, तरीही नव्हता.

त्यानंतर बरोबर एकोणीस दिवसांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी नागपूरला धम्मदीक्षा झाली.

म्हणजे काय झाले, ते नीट समजून घ्या. त्या मैदानावर शुभ्र वस्त्रे नेसून बसलेला माणूस उठून दीक्षा घेईल, त्या क्षणी कायद्याच्या दृष्टीने तो अनुसूचित जातीचा राहणार नव्हता. राखीव जागा, केंद्राच्या नोकऱ्या, शिष्यवृत्ती, ज्या ज्या गोष्टी राज्यघटनेने नुकत्या कुठे हाती दिल्या होत्या, त्या पणाला लागणार होत्या. बाबासाहेबांना याची कल्पना नव्हती असे कोणी म्हणू नये. १९५० चा आदेश निघाला तेव्हा ते स्वतः देशाचे कायदामंत्री होते. तरीही त्यांनी दीक्षा पुढे ढकलली नाही. आधी सवलती बौद्धांना लागू करा, मग आम्ही धर्म बदलू, असा सौदा त्यांनी केला नाही.

त्या दिवशी कुशीनाराचे वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणी महास्थवीर यांनी बाबासाहेब आणि माईसाहेब यांना त्रिशरण-पंचशील दिले. मग बाबासाहेबांनी स्वतः उभे राहून समोरच्या जनसमुदायाला दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. जमलेल्यांचा आकडा कोणी चार लाख सांगतात, कोणी पाच लाख. वामनराव गोडबोले आणि नागपूरच्या कार्यकर्त्यांनी या समारंभाची सारी सिद्धता केली होती. माणसे गाडीने आली, बैलगाडीने आली, पायी आली. भाकरी बांधून आली. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांचे विस्तृत भाषण झाले आणि १६ तारखेला चांद्याला दीक्षेचा समारंभ झाला.

कोणी म्हणेल, त्या अडाणी लोकांना परिच्छेद तीन कुठे ठाऊक होता? आदेशाचा परिच्छेद ठाऊक नसेल, परंतु काहीतरी सोडून काहीतरी घ्यायचे आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. गावकीची कामे सोडायची होती, मेलेले ढोर ओढणे सोडायचे होते, घरातील देव्हारे सोडायचे होते. एवढे सोडणाऱ्याला सवलतीचा धाक कोण घालणार?

डिसेंबर

नोव्हेंबरात काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेचे अधिवेशन झाले. तेथे बाबासाहेब बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. येताना सारनाथ, कुशीनारा ही स्थळे पाहून दिल्लीला परतले. आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी २६, अलीपूर रोड येथील निवासस्थानी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दीक्षेला अवघे त्रेपन्न दिवस झाले होते.

पार्थिव विमानाने मुंबईला आणून राजगृहात ठेवले. ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. आणि तेथेच, चितेच्या साक्षीने, भदंत आनंद कौसल्यायन यांनी सुमारे एक लाख लोकांना धम्मदीक्षा दिली. ज्यांचा बाप गेला ते लोक रडत रडत दीक्षा घेत होते. जगाच्या इतिहासात असा प्रसंग क्वचितच सापडेल. नेता गेल्यावर चळवळ थांबते असा अनुभव आहे. येथे नेत्याच्या चितेजवळून चळवळ पुढे निघाली. गावोगावी दीक्षेचे समारंभ होत राहिले आणि १९६१ च्या जनगणनेत देशातील बौद्धांची संख्या सुमारे साडेबत्तीस लाख भरली. त्यांपैकी जवळजवळ अठ्ठावीस लाख एकट्या महाराष्ट्रात होते. दहा वर्षांपूर्वी येथेच अडीच हजार होते!

चौतीस वर्षांची किंमत

या जमेच्या बाजूपुढे खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य शासनाने आपल्या अखत्यारीतील सवलती नवदीक्षित बौद्धांना दिल्या. परंतु केंद्राच्या नोकऱ्या आणि राखीव मतदारसंघ यांचे दार बंदच होते. ते उघडले १९९० मध्ये, पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या कारकिर्दीत. त्या वर्षी परिच्छेद तीनमध्ये ‘बौद्ध’ हा शब्द आला. त्याच वर्षी बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. १९५६ ते १९९० म्हणजे चौतीस वर्षे. एक पूर्ण पिढी शाळेत गेली, शिकली, उमेदवारी करून वयोमर्यादेच्या पलीकडेही गेली.

आमच्या घरातीलच गोष्ट सांगतो. वडील गिरणी कामगार होते. १९५७ साली थोरल्या भावाचे नाव शाळेत घालताना त्यांनी धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ असे लिहवून घेतले. पुढे भाऊ मॅट्रिक झाला, टायपिंग शिकला आणि केंद्राच्या एका कार्यालयातील राखीव जागेसाठी त्याने अर्ज केला. शाळेचा दाखला पाहून अर्ज बाद झाला. त्याच्याच वर्गातील एका मुलाच्या दाखल्यावर जुनी नोंद होती, तो लागला. त्या रात्री भाऊ वडिलांशी मोठ्याने बोलला. ‘अण्णा, तुम्ही जुनं नाव राहू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?’ वडील बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, ‘चौपाटीवर शपथ घेऊन आलो होतो रे. मास्तरांसमोर खोटं कसं सांगू?’ भाऊ त्यानंतर खाजगी कंपनीत लागला आणि तेथूनच निवृत्त झाला. वडिलांना त्याने पुन्हा कधी विचारले नाही. १९९० साली कायदा बदलल्याची बातमी आली तेव्हा वडील हयात नव्हते. भावाने ते वर्तमानपत्र घडी करून त्यांच्या तसबिरीमागे ठेवले.

ज्यांनी दाखल्यावर जुनी नोंद राहू दिली त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांनाही मुलेबाळे होती आणि पोट कोणाला चुकलेले नाही. घरात बुद्धवंदना आणि कागदावर जुना धर्म, असे दोन जीव घेऊन ती माणसे जगली, त्यांचेही दुःख लहान नव्हते. परंतु ज्यांनी खरे लिहिले आणि त्याची किंमत निमूटपणे चुकवली, त्यांच्या नावाची ओळ कोणत्याच सनावळीत नाही. ती आपण आपल्या स्मरणिकेत तरी लिहिली पाहिजे.

आपला हिशोब

आता आपल्या मीरा-भाईंदरकडे येऊ. १९५६ साली येथे नगरपालिका नव्हती, ती १९८५ ला आली आणि २००२ मध्ये महानगरपालिका झाली. त्या काळी येथे मिठागरे, खाडी, भातशेती आणि विखुरलेली गावे होती. आपल्यातील बहुतेक कुटुंबे नंतर आली. कोणी रत्नागिरीहून, कोणी सातारा-सोलापूरहून, कोणी विदर्भ-मराठवाड्यातून, तर कोणी मुंबईच्या बीडीडी चाळीतून. तरीही ही भूमी धम्माला परकी नाही. दक्षिणेस डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. उत्तरेस वसईची खाडी ओलांडली की सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक. तेथे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आणि १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. या दोहोंच्या मधोमध आपण राहतो. गाडीतून रोज ये-जा करताना याची आठवण असावी.

२०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाखांवर बौद्ध होते, त्यांतील ६५ लाखांवर महाराष्ट्रात. बौद्धांतील साक्षरता ८१ टक्के होती, तर देशाची सुमारे ७३ टक्के. सवलती गमावूनही शिक्षण न सोडणाऱ्या आईबापांचे हे फळ आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली आणि तिच्यात जातीचीही नोंद होणार असल्याचे सरकारने जाहीर केले. ‘धर्म बौद्ध लिहिला तर मुलांची सवलत जाईल’ अशी भीती आजही आपल्या वस्त्यांत ऐकू येते. ही भीती १९५६ मध्ये खरी होती. १९९० पासून ती खरी नाही. कायद्याने हिंदू, शीख आणि बौद्ध या तिन्ही धर्मांतील अनुसूचित जातींना सारखाच हक्क आहे. ज्यांना किंमत मोजावी लागणार होती त्यांनी खरे लिहिले. आपल्याला तर काहीच मोजायचे नाही, मग आपण का कचरावे?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडून आमची एकच अपेक्षा आहे. येत्या रविवारी आपापल्या घरातील वडीलधाऱ्यांजवळ वही घेऊन बसा. आपल्या घराण्यात पहिली दीक्षा कोणी घेतली, कोणत्या गावी, कोणत्या साली, त्या दिवशी काय सोडले आणि त्यामुळे पुढे काय गमवावे लागले, हे विचारून लिहून काढा. जुने शाळेचे दाखले, पत्रे, छायाचित्रे असतील तर ती जपून ठेवा. ज्यांनी ते वर्ष डोळ्यांनी पाहिले ती माणसे आता थोडी उरली आहेत. तुम्ही लिहिलेली ती पाने पुढच्या स्मरणिकेत छापावीत, अशी विनंती आम्ही अध्यक्ष महोदयांना या व्यासपीठावरूनच करीत आहोत.

त्या विद्यार्थ्याला आम्ही आता वेगळे उत्तर देऊ. १९५६ च्या सर्व ओळी पाठ कर, परीक्षेला त्या लागतील. परंतु त्यांच्याखाली स्वतःच्या हाताने आणखी एक ओळ लिही, तुझ्या आजोबांची किंवा पणजोबांची. ती ओळ तुझ्यावाचून दुसरे कोणी लिहिणार नाही.

 सर्वांचे मंगल होवो.

जय भीम! नमो बुद्धाय!